वायंगण : बारा फुंकवाद्यांसाठी

कायतान लोबोने माझी कविता मागितली,
शाळेच्या वार्षिकातली छापील नव्हे,
वहीतली, खाडाखोडीची.
"छापलेल्यात वारो नाय," म्हणाला.
लग्नात वाजवणाऱ्या बँडचा मास्तर तो, उभादांड्याचा.
दिवसा बर्फाच्या कारखान्यात,
त्यामुळे हात कायम गार,
कॉर्नेट तेवढं ऊन.

कविता होती वायंगणावर.
डिसेंबरातला चिखल, पिंढऱ्यांपर्यंत थंड,
तरव्याचा पोपटी तुकडा, विहिरीवर लाट,
कोळंबं रिकामं उतरतं, भरून वर येतं,
पाटाला पाणी, पाण्याला आभाळ वगैरे.
वृत्तात होती. मला तिचा गर्व होता.
(तलाठी कचेरीत वृत्त सांभाळणारा मी एकटाच.)

तालीम काजूच्या बंद कारखान्यात.
भिंतींना अजून चिकाचा वास.
झिलू गावड्याचं क्लॅरिनेट रबरबँडने बांधलेलं,
सगुणच्या युफोनियमला पोचा, त्यात दिवा दिसतो.
इनासचा ट्रॉम्बोन म्हणजे लाट:
नळी पुढे सरकली की कोळंबं विहिरीत,
मागे आली की जड होऊन वर.
एवढं मला कळलं. पुढे कळेना.
"यात माझे शब्द कुठं आहेत?"

"शब्द गेले चुलीत," कायतान म्हणाला,
"माका सांग, हयसर सगुणान श्वास खंय घेवचो?
चार ओळी झाल्यो, तुझो बैल थांबणा नाय,
पाणी थांबणा नाय, स्वल्पविराम सुद्धा नाय.
माणूस मरात रे!"

घरी जाऊन कविता मोठ्यानं वाचली.
दुसऱ्या कडव्यात खरंच निळा पडलो.

वाचनालयाच्या वर्धापनदिनी, बंदराच्या वाळूवर,
पतपेढीच्या खुर्च्या मांडून, वाजवलं त्यांनी.
मी दुसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात,
आपली कविता ओळखायला बसलेला.
बैल ओळखला. पाट ओळखला.
पोपट हाकायचा डबा ओळखला, तो तर खराच डबा होता.

मग सगळे थांबले. युफोनियम एकटं.
दोन आखूड, एक लांब.
पुन्हा दोन आखूड, एक लांब,
लांबट सूर शेवटी जरा उचललेला.
वाटलं, चुकला सगुण.
मग माझी बोटं आपोआप मोजू लागली:
लघु, लघु, गुरू.

रवळू.

ते मी खोडलेलं. निळ्या शाईवर काळी रेघ, दोनदा.
लाट ओढणारा रवळू,
बांधावर बसून मी ज्याला बघत होतो
आणि वहीत चिखल उतरवत होतो.
वृत्तात बसेना म्हणून काढला,
त्याच्या जागी लिहिलं, कृषीवल.
कायतानने रेघेखालून वाचलं,
वृत्त सोडलं, हाक घेतली:
मळ्याच्या या टोकाहून त्या टोकाला
पेजेच्या वेळेला मारतात तशी.

खुर्च्यांमागं, मासळीच्या टोपल्यांपाशी,
कुणीतरी ओ दिली.

रवळू नव्हे. त्याला जाऊन तीन वर्षं झाली,
विहिरीवर आता पंप, तोही बिघडलेला.
दिली असेल कुणी सवयीनं.
सगुणचा सूर हलला.
कायतानने हात वर तसाच धरला, गार.
मग लाट एकदा खाली गेली
आणि वर आलीच नाही.

टाळ्या उशिरा आल्या, थोड्या.
चेअरमन म्हणाले, आता जरा नाचाचं होऊ द्या.
झालं. पोरं नाचली, मीही थोडा.

नंतर वाळूत उकिडवे बसून
बाराही जणांनी वाद्यांतलं पाणी झटकलं,
फुंकून फुंकून साचलेलं.
इनासने नळी उलटी केली. तीन-चार थेंब.
"बघ," म्हणाला, "कोळंबा."

रात्री वही काढून ती रेघ खोडायला गेलो.
रेघ खोडता येत नाही.
मग समासात लिहिलं नाव,
आणि त्यापुढे, कायतानसाठी,
एक स्वल्पविराम,